जुन्या एमजीबी जीटी या ब्रिटिश गाडीच्या खिडक्यांची रबरं मुंबईत मिळतात का? घरी बदलता येतील का?

मिळतात. बदलताही येतात. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय, "पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं म्हणून इंग्लंडहून पूर्ण सेट मागवतोय," ते वाचून राहवलं नाही. अगदी हेच आमचे सासरे म्हणायचे.

मी वसईला रबराच्या कारखान्यात आहे, एक्स्ट्रूजनवर, म्हणजे साच्यातून दाबून रबराच्या लांब पट्ट्या काढतो तिथे. अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, जीटी शिवाजी पार्कला बिल्डिंगच्या आवारात उभी असते. क्रोम बंपरवाली. १९७४ मध्ये काळे रबरी बंपर आले, त्यानंतरच्या गाडीला अण्णा एमजी म्हणतच नाहीत. रबराचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं असतं: "इंग्लंडात बारा महिने पाऊस. रबर त्यांना कळतं, जावईबापू." आता ही गाडी बनायची ॲबिंग्डनला, ऑक्सफर्डच्या शेजारी. तिथे अख्ख्या वर्षात सरासरी ७०० मिलिमीटरही पडत नाही. आपल्या सांताक्रूझला एकट्या जुलैत ८०० च्या वर पडतो. शिवाय एप्रिल-मेचं ऊन आहेच. पण सासऱ्यांना आकडे सांगायचे नसतात.

सेट आला, एका गॅरेजवाल्यानं तो बसवला, आणि पहिल्या सरीला कार्पेट भिजलं. त्यानं बाहेरून सिलिकॉन फासलं. तेच ते, व्हिनेगरसारखा वास येणारं. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो, सुकताना बाहेर पडतं आणि खालच्या पत्र्याला गंज चढवतं. मी बोललो. अण्णा म्हणाले, "अजून थोडं मारून घेऊ."

शेवटी एका रविवारी मीच दाराचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आच्छादन, उघडला. अण्णा समोर खुर्ची टाकून न्यायाधीशासारखे बसले. काचेला लागून जी पट्टी असते तिच्यातून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच, कुठल्याही गाडीत उतरतं. ते दाराच्या तळाच्या भोकांतून खाली पडायला हवं, आणि केबिनकडे येऊ नये म्हणून पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. अण्णांच्या दारात भोकं लांबीनं (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) आणि रंगानं बुजलेली. कुठल्या तरी डेंटिंग-पेंटिंगची कृपा. प्लॅस्टिक कुणीतरी फाडून फेकलेलं. तारेनं भोकं मोकळी केली तर तांबूस पाण्याची धार थेट माझ्या बाहीत. अण्णा म्हणाले, "हे पाणी जुनं असेल."

नवा जाड प्लॅस्टिक कागद ब्युटाइल टेपनं (चिकट रबरी पट्टी) चिकटवला आणि ती बाजू कोरडी झाली. दुसरी बाजू मात्र भिजतच राहिली, कारण तिथलं पाणी पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून येत होतं. काच काढली, सिलिकॉन खरवडलं, तर खाली पत्र्याची कडच सडलेली. साहेबाचं रबर असो नाहीतर वसईचं, धरायला कड नको? तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड केला, इपॉक्सी प्रायमर, रंग, आणि तेच इंग्लंडचं रबर परत बसवलं. थेंब नाही. यावर अण्णांचा निष्कर्ष: "बघा, साहेबाचंच रबर टिकलं." दारांना मी आमच्या कारखान्याचं ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर, लावलंय आणि तेही तितकंच टिकलंय, हे घरात कुणी बोलत नाही.

तर तुम्ही आधी दाराची भोकं बघा, मग पत्रा, मग रबर. नळीनं पाणी मारा, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. एकदम वरून मारलं तर कुठून शिरतंय ते कळत नाही.

दारांची बीडिंग, म्हणजे दाराभोवतीची रबरी पट्टी, मीटरवर घ्या. ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटार पार्ट्सची दुकानं आहेत, कुर्ल्याला सीएसटी रोडलाही बघा. ईपीडीएमच मागा. साधं रबर ताणलेल्या जागी ओझोननं भेगाळतं. जुन्या तुकड्यावरून आकार दाखवा, माप देऊ नका, तो दबून आखडलेला असतो. पत्र्याच्या कडेची जाडी व्हर्नियरनं मोजून न्या. बसवताना कणभर लांब कापा आणि दाबत दाबत बसवा. ओढून बसवलेलं रबर नंतर मागे सरकतं आणि कोपऱ्यात फट पडते. साबणाचं पाणी लावा. ग्रीस, व्हॅसलीन अजिबात नको, पेट्रोलियमनं ईपीडीएम फुगतं.

पुढच्या काचेला आधी काचेभोवती रबर, मग त्याच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी. एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची, रबराची ओठासारखी कड पत्र्याच्या कडेवर आपोआप उलटते. दोघं हवेतच. लॅमिनेटेड काच असेल तर कोपऱ्यावर जोर दिला की तडा गेलाच समजा, तेव्हा पहिल्यांदा करत असाल तर अनुभवी काचवाला बोलवा. येताना त्याच्या हातात सिलिकॉनची नळी दिसली तर चहा पाजून परत पाठवा.

आणि हो, पुढच्या छोट्या तिकोनी काचेचं रबर मीटरवर मिळत नाही. ते साच्यातलं असतं, कोपऱ्यांसकट. पुढच्या काचेचंही तयार आकारातलंच घ्या. एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे तिकडे हे भाग अजून बनतात. तेवढ्यापुरतं इंग्लंडहून मागवा. अण्णा हे वाचणार आहेत, म्हणून पुन्हा लिहितो: तेवढ्यापुरतंच.