संगणक प्रणालीनं 'कमी धोका' सांगितलं तरी एकदा भिंत उघडून बघा

पाटणजवळचं आजोबांचं दगडी घर, भिंती दोन फुटी. प्रश्नावली भरून घेणाऱ्या तज्ज्ञ प्रणालीनं 'भूकंपाचा धोका कमी' असं उत्तर दिलं, त्यावर विसंबावं का, असं तुम्ही विचारलंय. मी कराडला असतो, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. एवढ्यावर विसंबू नका.

तज्ज्ञ प्रणाली म्हणजे जाणत्या इंजिनिअरांचे आडाखे 'असं असेल तर तसं' या नियमांत बसवलेला संगणकाचा प्रोग्राम. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात 1980च्या दशकाच्या सुरुवातीला 'स्पेरिल' नावाची अशी प्रणाली झाली. भूकंपानंतर इमारतीचं किती नुकसान झालंय हे ती ठरवायची आणि अर्धवट, खात्री नसलेली माहितीही हिशेबात धरायची. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'माहीत नाही' हे उत्तर जी प्रणाली घेत नाही, तिथं माणूस अंदाज ठोकतो.

तुमच्यासारख्याच एका घरात आम्ही 'भिंत जाड' असं भरलं आणि निकाल चांगला आला. मग कोपऱ्यावरचा हातभर गिलावा काढला. आत दगडांचे दोन सुटे पदर, मधे चिपा आणि माती. आरपार जाणारा एकही दगड नाही. छिन्नी टेकवली तर माती भुरभुरत खाली आली. अशी भिंत हलली की पदर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरचा ढासळतो. जाडी असते ती फक्त बघायला. 1993 साली किल्लारीत माणसं अशाच जाड भिंतींखाली गाडली गेली. आपल्याकडे 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेच्या धक्क्यात सुमारे 180 जीव गेले, आणि तो पट्टा आजही हादरे खातोच.

गावात तीनशे घरं असतील, तर आधी कुठली बघायची हे ठरवायला या प्रणाली खरंच उपयोगी आहेत. एका घराचा निकाल मात्र भिंत बघूनच लागतो. जाणता गवंडी बोलवा, दोन ठिकाणी गिलावा काढा, ओळंबा लावून भिंतीला पोट आलंय का बघा. आरपार दगड नसतील तर साधारण दर चौरस मीटरला एक भोक पाडून, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरता येतं. जागा आणि माप इंजिनिअरकडून ठरवून घ्या. नंतर हवं तर प्रश्नावली पुन्हा भरा.

आणि पोट आलेली भिंत सापडली, तर तिच्या कडेला आजपासून कुणाचं अंथरूण घालू नका.