निघताना दप्तर झटकणारी मुलगी

"मॅडम, हिची बुद्ध्यांक चाचणी करून घेऊ या का? वर्षभर तोंड उघडलेलं नाही."

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी समुपदेशक म्हणून आठवड्यातून एकदा जाते. पाचवीच्या बाईंची ही काळजी मला नवी नव्हती. पारधी समाजाचं मूल वर्गात गप्प राहतं, हजेरीलाही 'हजर' म्हणत नाही, आणि मग ते डोक्यानंच कमी असेल अशी शंका येते. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत ती माझ्यासमोर बसली आणि मी टेबलावरची पर्स उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. सवयीनं, असं मी स्वतःला सांगितलं. तिनं मात्र ते पाहिलं होतं. त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या आठवड्यात मी मागच्या बाकावर बसून राहिले. शाळा सुटली, पोरं धावत सुटली. ती थांबली. दप्तर बाकावर रिकामं केलं. दोन वह्या, पेन्सिलीचा तुकडा, चिंध्यांची बाहुली. मग दप्तर उलटं धरून दोनदा झटकलं, बाईंकडे एकदा पाहिलं, सगळं परत भरलं आणि गेली.

"टापटीप आहे हो, रोज आवरते," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या भेटीत मी पर्स उघड्यावरच ठेवली आणि दप्तराबद्दल विचारलं. बराच वेळ गेला. मग ती पुटपुटली, "आज्जी म्हणती, निघताना झटकून दावायचं. मग कुणी आपलं नाव घेत नाही."

बाईंना घेऊन मी पालावर गेले. गावात कुठं चोरी झाली की रात्री जीप येते, नावं पुकारली जातात, 'जी' म्हणेल तो जीपमध्ये. म्हणून पोरांना पहिला धडा हाच, की नाव पुकारलं तर गप्प राहायचं. पणजीला तर 'हजेरी' म्हटलं की सेटलमेंटच आठवते. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवलं जाई आणि हजेरी चुकली तर शिक्षा. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, 'हजेरी' हा शब्द घरात राहिला. पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तितर-लावे धरायचा धंदाही संपला. मुलीच्या जातीच्या दाखल्याला 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. पालाला कुठला सातबारा!

चाचणीला मी नकार दिला. घरची बोली गुजरातीच्या जवळची, प्रश्न मराठीत, समोर अनोळखी बाई. त्यातून तिची भीती मोजली गेली असती, बुद्धी नाही.

परतताना बाई रिक्षात गप्प होत्या. मग म्हणाल्या, मागच्या वर्षी एकाची कंपासपेटी हरवली, तेव्हा मी हिचंच दप्तर तपासलं. पेटी त्याच्या घरी सापडली. हिला कुणी काही सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वर्गासमोर सांगितलं, "बाळा, तेव्हा माझं चुकलं." मुलं बघत राहिली. वस्तू हरवली तर कुणाचंच दप्तर उघडायचं नाही, असंही ठरलं. एक आई बाक बदलून मागायला आली, तिला बाईंनी चहा पाजला, बाक बदलला नाही.

हजेरीची पद्धत बाईंनी स्वतःच बदलली. 'हजर'ऐवजी सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. पोहे, चहा-बिस्कीट, शिळी भाकरी. तिच्या नावाला अकरा दिवस शांतता. बाई तेवढा वेळ थांबत आणि पुढचं नाव घेत. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "भाकर. आन् मिरची."

बाईंचा उत्साह मग इतका वाढला, की तिच्या वडिलांना बोलावून तितराचा आवाज काढून दाखवायला लावू या म्हणाल्या. मी अडवलं. पोरगी नुकती कुठं वर्गातली झाली होती, तिचं लगेच प्रदर्शन कशाला? पुढे सगळेच पालक आळीपाळीनं आले, एसटीचे ड्रायव्हर, रंगारी, त्यात तेही आले आणि तितर गवतात कसा दडतो ते सांगून गेले.

दप्तर झटकणं लगेच थांबलं नाही. दिवाळीनंतर कधीतरी थांबलं, नेमकं कधी ते बाईंच्याही लक्षात राहिलं नाही.

गेल्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, आज ती तासाला सारखी बडबडत होती म्हणून ओरडले. चुकलं का माझं?"

मी विचारलं, "शेजारणीलाही ओरडलात ना?"

"हो, दोघींनाही."

"मग ठीक आहे," मी म्हटलं.