स्कॅनर चांगला आहे, अडलंय ते ड्रायव्हरवर

प्रश्न : बाबांच्या ३५ मिमी निगेटिव्ह स्कॅन करायला घेतलेला निकॉनचा कूलस्कॅन व्ही ईडी घरात पडून आहे. नवा लॅपटॉप विंडोज ११चा. निकॉन स्कॅन हे कंपनीचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. दुकानदार म्हणतो, भंगारात द्या. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भंगारात अजिबात देऊ नका. ४००० डीपीआयला (म्हणजे इंचाला ४००० ठिपके) हा स्कॅनर एका फ्रेममधून सुमारे दोन कोटी पिक्सेल काढतो. तसं नवं यंत्र आज सहज मिळत नाही.

६४-बिट विंडोजसाठी निकॉनने ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्कॅनरशी बोलू देणारा छोटा प्रोग्रॅम, काढलाच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. सगळं घोडं इथेच अडलंय. तुमचा स्कॅनर यूएसबीचा आहे, हे फार बरं. फायरवायर या जुन्या जोडणीवर चालणाऱ्या निकॉनच्याच ९००० मॉडेलसाठी आधी त्या जोडणीचं कार्ड शोधत फिरावं लागतं. तुम्ही व्ह्यूस्कॅन हे दुसऱ्या कंपनीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर टाका. पैसे पडतात, पण आधी चाचणीची प्रत उतरवा. ती फोटोवर शिक्का मारते, तरी स्कॅनर ओळखला जातो की नाही हे कळतं. केबल हबमध्ये नको, थेट लॅपटॉपला लावा.

आता खरं महत्त्वाचं. इन्फ्रारेड क्लीनिंग, म्हणजे धुळीचे डाग आपोआप पुसण्याची सोय, रंगीत निगेटिव्हला जरूर वापरा. त्यातले रंग इन्फ्रारेड प्रकाश आरपार सोडतात, धूळ मात्र तो अडवते. या फरकावरून डाग हेरले जातात. पण बाबांच्या पट्ट्या कृष्णधवल असतील तर ते बंद ठेवा. तिथे चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. मग भुवया, लुगड्याचे काठ हेच डाग समजून स्कॅनर ते पुसायला लागतो. आजीचा चेहरा असा मेणासारखा झालेले स्कॅन मी पाहिलेत. फार वाईट वाटतं. अशा पट्ट्यांना ब्लोअरचा फुगा मारा, उरलेले ठिपके नंतर हाताने काढा.

पांढऱ्या सदऱ्याभोवती धुरकट वलय दिसलं तर आतल्या आरशावर धूळ बसली असेल. त्याचा मुलामा पुढच्या बाजूला असतो, रुमालाने पुसला तर चरे पडतील. ते काम कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

वळलेली किंवा एकाच फ्रेमची पट्टी एसए-२१ या पट्टी आपोआप ओढणाऱ्या अडॅप्टरमध्ये घालू नका. एफएच-३ या पट्टी सपाट धरणाऱ्या होल्डरमध्ये दाबून एमए-२१ या स्लाइडच्या अडॅप्टरमधून द्या. पट्टी आत अडकलीच तर ओढू नका, आधी सॉफ्टवेअरमधून इजेक्ट देऊन बघा.