आधी गळती, मग गिलावा

प्रश्न : आमच्या झोपायच्या खोलीचं छत वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली येतं. मागच्या महिन्यात त्याचा मोठा पोपडा पडला, आत गंजलेल्या सळया दिसतायत. कंत्राटदार म्हणतो, जाळी मारून गिलावा करू, दोन दिवसांचं काम. शेजारच्या कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी बारीक भेगही आहे. ती नुसत्या गिलाव्याची आहे, असं त्याचं म्हणणं. काम करून घ्यावं का?

उत्तर : नका करून घेऊ. आणि त्या छताखाली पलंग असेल तर तो आजच हलवा.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण आतला चुना तिला सांभाळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत गेला की तो चुना मरतो, मग वरची ओल सळईला खायला मोकळी होते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि आतून ढकलून काँक्रीट फोडतो. तुमचा पोपडा पडला तो असा. त्यावर गिलावा म्हणजे गंजावर पांघरूण. ओल तशीच राहिली तर तोही सुटणार, आणि जाळीमुळे मोठा तुकडा एकदम येणार.

म्हणून आधी वरच्या बाथरूमची गळती बंद करा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो हातोडीनं सगळं छत ठोकून बघेल. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं भद्द वाजतं. जेवढं पडलंय, त्याहून भद्द भाग बहुतेक वेळा मोठा निघतो.

सळई घासून व्हर्निअरनं (जाडी अचूक मोजायच्या साधनानं) मोजायला सांगा. हे मी आग्रहानं सांगतो, कारण डोळा इथे फसतो. 10 मिलिमीटरची सळई 8 ची उरली तर फक्त 2 मिलिमीटर गेले असं वाटतं, पण छेद, म्हणजे सळई आडवी कापली तर दिसणारं क्षेत्रफळ, 36 टक्के कमी झालेला असतो. तिथे नवी सळई पुरेसा लॅप देऊन, म्हणजे जुन्या सळईला पुरेशा लांबीपर्यंत शेजारी लावून, जोडावी लागते.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त चुकवाचुकवी होते ती फोडण्यात. सळईची खालची बाजू उघडी करून ब्रश मारला की झालं, असं समजतात. सळईच्या मागेही बोट जाईल एवढं, साधारण 20 ते 25 मिलिमीटर, काँक्रीट काढायला हवं. नाहीतर मागचा गंज चालूच राहतो. मग गंजरोधक लेप, जोडलेप (नवा थर जुन्या काँक्रीटला चिकटवणारा) आणि पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल. फोडायला सुरुवात करण्याआधी छताला टेकू लागलेच पाहिजेत.

आता कॉलम. मला जास्त काळजी त्याची आहे. सळईच्या रेषेत चालणारी उभी भेग गंजाची असू शकते. एका कॉलमवरची अशीच भेग मी उघडली होती. वरून नखही जात नव्हतं. आत कोपऱ्यावरच्या रिंगा गंजून तुटलेल्या होत्या. उभ्या सळयांना बाहेर वाकू न देणाऱ्या त्या रिंगाच. तेव्हा भेगेवरचा गिलावा हातभर काढून खालचं काँक्रीट बघितल्याशिवाय 'गिलाव्याची भेग' हे कुणाचंही म्हणणं मान्य करू नका.

इंजिनिअर येईपर्यंत भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण करून तारीख लिहा. भेग खुणेपलीकडे गेली, कॉलमचे तुकडे सुटू लागले किंवा जवळचं दार अचानक अडकू लागलं, तर खालच्या-वरच्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथूनच फोन करा.