पहिली गाडी निवडताना

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात गाडी चालवण्याचा आनंद हवा असेल, तर अश्वशक्तीच्या आकड्यांमागे लागू नका. वजनाला हलकी, मॅन्युअल गिअरची जुनी स्विफ्ट तुम्हाला पुरेशी आहे. स्टिअरिंग मला फोर्ड फिगोचे अधिक आवडते आणि कंपनीने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला, याचे वाईट आजही वाटते. तरीही नवशिक्याने सुट्या भागांचा विचार आधी करावा.

नेहमीची चूक म्हणजे स्वस्त मिळते म्हणून कोल्हापूरहून महाराष्ट्र पासिंगची गाडी आणणे. ती बारा महिन्यांहून अधिक काळ बेळगावात राहणार असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि कर्नाटकाचा रोड टॅक्स चुकत नाही, म्हणून तो खर्च किमतीतच धरा.

टायरही नीट पाहा. त्याच्या बाजूवर चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली म्हणून मी एकदा जुन्या टायरला फसलो होतो. रबराला बारीक भेगा होत्या आणि कणकुंबीच्या पावसात गाडी वळणावर घसरली.

अलॉय चाके आणि रिमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलणे) सध्या राहू द्या. आधी आंबोलीच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग आवरायला शिका.