अमेरिकेत एखाद्याला अटक झाली की पुढे नेमकं काय होतं? सिनेमात दाखवतात तशी ज्युरी, म्हणजे निकाल देणारी सामान्य नागरिकांची मंडळी, खरंच बसते का?

बसते, पण फार क्वचित. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये मिसुरी विरुद्ध फ्राय या केसच्या निकालात स्वतःच आकडा दिलाय, फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात दोषी ठरणाऱ्यांपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टात ९४ टक्के लोक स्वतःच गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. म्हणजे ज्युरी, उलटतपासणी, वकिलाचं शेवटचं भाषण हे सगळं उरलेल्या मूठभर लोकांच्या वाट्याला येतं.

तुम्ही लिहिलंय की भाच्याने इथे कॉलेजला क्रिमिनल जस्टिस विषय घेतलाय आणि त्याच्या पुस्तकात पोलीस, कोर्ट आणि तुरुंग असे तीन भाग आहेत, ते नीट समजावून सांगा. मी न्यू जर्सीत एका क्रिमिनल डिफेन्स वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल आहे, वकील नाही, फायली लावते, तारखा सांभाळते, क्लायंटच्या घरच्यांचे रडवेले फोन घेते, त्यामुळे हा कायद्याचा सल्ला समजू नका. पण मला विचाराल तर त्या तीन भागात सगळ्यात महत्त्वाचा माणूसच बसत नाही, तो म्हणजे प्रॉसिक्युटर, आरोप लावणारा सरकारी वकील. भाच्याला सांगा की बाकी सगळं वाच पण नजर त्याच्यावर ठेव.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, अमेरिकेत एक क्रिमिनल सिस्टिम नाहीये. आपल्याकडे पूर्वी आयपीसी आणि आता न्याय संहिता, कोल्हापूरला तीच आणि कोलकात्याला तीच. इथे प्रत्येक राज्याचा स्वतःचा क्रिमिनल कायदा, स्वतःची कोर्टं, स्वतःचे तुरुंग, आणि वर फेडरल सरकारचं वेगळं. पोलीस खाती तर देशभरात १८ हजारांच्या आसपास आहेत, गावाचे वेगळे, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरिफ वेगळा (तो बहुतेक ठिकाणी निवडणूक लढवून येतो!), राज्याचे वेगळे, युनिव्हर्सिटीचे सुद्धा वेगळे. टीव्हीवर सारखं एफबीआय दिसतं पण कैद्यांपैकी बहुतांश राज्यांच्या तुरुंगात नाहीतर काउंटीच्या जेलमध्ये असतात, फेडरल तुरुंगात साधारण दीड लाखच. जेल आणि प्रिझन इथे वेगळे बरं का, जेल म्हणजे खटल्याची वाट बघणारे किंवा वर्षाच्या आतली छोटी शिक्षा झालेले, प्रिझन म्हणजे मोठी शिक्षा. गुन्ह्यांचेही ढोबळ दोन गट, वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते तो फेलनी, कमीचा तो मिसडिमिनर.

आता अटक. पकडून प्रश्न विचारायच्या आधी पोलीस मिरांडा वाचून दाखवतात, गप्प राहायचा हक्क आहे, वकील मिळेल वगैरे, ते सिनेमामुळे सगळ्यांना पाठ असतं. १९६६ च्या निकालातून आलंय ते, ॲरिझोनातल्या अर्नेस्टो मिरांडाच्या केसमधून. पण लोकांना वाटतं की वाचून दाखवलं नाही तर केस उडते, तसं अजिबात नाही. ताब्यात असताना प्रश्न विचारून काढलेला जबाब तेवढा बाद होऊ शकतो, बाकीचा पुरावा असेल तर केस चालूच राहते. खुद्द मिरांडावर तो जबाब न वापरता परत खटला चालला आणि तो परत दोषी ठरला.

आणि हे आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवायला हवं. भारतात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, त्यामुळे आपल्या मनात कुठेतरी असतं की पोलिसांशी काय, बोलून टाकू, कोर्टात बघू. इथे उलट आहे, पोलिसांना सांगितलेलं जसंच्या तसं तुमच्याविरुद्ध वापरतात. चौकशीत पोलीस खोटंही बोलू शकतात, तुझ्या मित्राने सगळं सांगितलंय असं म्हणू शकतात, सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्येच ते चालवून घेतलंय. त्यात २०१० चा थॉम्पकिन्सचा निकाल तर अजबच, तो माणूस जवळपास तीन तास जवळजवळ गप्पच बसला, मग पोलिसांनी विचारलं की त्या मुलाला गोळी घातल्याबद्दल देवाकडे माफी मागतोस का, तो हो म्हणाला, आणि तेवढा एक हो पुरावा म्हणून चालला. कारण काय तर मला गप्प राहायचा हक्क वापरायचाय हे त्याने तोंडाने बोलून दाखवलं नव्हतं. गप्प राहायचं असेल तर आधी बोलावं लागतं असा हा कायदा 😄 आमच्याकडे फोन आला की आमचे वकील पहिलं वाक्य हेच सांगतात, नाव सांग, वकील हवा म्हण, आणि पुढे काही बोलू नकोस.

अटकेनंतर जज समोर उभं करतात, आरोप वाचून दाखवतात आणि जामिनाचं ठरतं. खरी मारामारी इथे सुरू होते. बऱ्याच राज्यांत अजून पैशावर जामीन आहे. पैसे नसतील तर बेल बॉण्डवाला गाठायचा, तो साधारण १० टक्के फी घेऊन तुमची हमी देतो आणि ती फी परत मिळत नाही, निर्दोष सुटलात तरी नाही. कलीफ ब्राउडरचं नाव भाच्याला वाचायला सांगा. न्यूयॉर्कमधला १६ वर्षांचा मुलगा, २०१० मध्ये बॅगपॅक चोरल्याचा आरोप, जामीन ३ हजार डॉलर, घरच्यांकडे तेवढे नव्हते. तीन वर्षं रायकर्स आयलंडच्या जेलमध्ये, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत, खटला चाललाच नाही. मधे त्याला कितीतरी वेळा सांगितलं गेलं की कबूल कर आणि घरी जा, त्याने नाही म्हटलं, शेवटी २०१३ मध्ये केस मागे घेतली. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. आमच्या न्यू जर्सीत २०१७ पासून पैशाचा जामीन जवळपास बंदच आहे, जेलमध्ये नेल्यापासून ४८ तासांत सोडायचं की नाही याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि इलिनॉयने २०२३ मध्ये तो पूर्णच काढून टाकला.

जामिनाचा आणि कबुलीचा संबंध काय ते यावरून लक्षात येईल. आत बसलेल्या माणसाची नोकरी जाते, भाडं थकतं, पोरं कुणाकडे तरी ठेवलेली असतात, अशा वेळी कुणी म्हणालं की सही कर आणि आज संध्याकाळी घरी, तर गुन्हा केला नसला तरी सही करणारे असतात. बाहेर असलेला माणूस थांबू शकतो, भांडू शकतो.

आता प्रॉसिक्युटर. आपल्याकडे पोलीस चार्जशीट दाखल करतात आणि सरकारी वकील ती कोर्टात चालवतो. इथे पोलीस फक्त पकडून आणतात किंवा तक्रार करतात, पुढे कुठला गुन्हा लावायचा, लावायचा की नाही, किती कलमं लावायची, हे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे तिथला मुख्य प्रॉसिक्युटर, ठरवतो, आणि त्याने केस लावलीच नाही तर जजला काही करता येत नाही. तो बहुतेक राज्यांत निवडून आलेला असतो, पोस्टर लावून, मतं मागून. (न्यू जर्सीत मात्र काउंटी प्रॉसिक्युटर गव्हर्नर नेमतो.) मला वैयक्तिकरीत्या निवडणुकीवाली पद्धत पटत नाही, मी किती जणांना आत टाकलं हे ज्याला प्रचारात सांगायचंय त्याच्या हातात हे अधिकार बरे नाहीत, पण इथले लोक म्हणतात की निवडून दिलेला असेल तर निदान पाडता तरी येतो, त्यातही तथ्य आहे.

मग सुरू होतं प्ली बार्गेन, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेची घासाघीस. तुळशीबागेत आधी भाव चढवून सांगतात आणि मग उतरवतात तसाच प्रकार, एकाच घटनेवर पाच सहा कलमं लावायची, सगळी धरली तर वीस वर्षं होतील असं दाखवायचं, आणि मग म्हणायचं एक कबूल कर, बाकीची काढतो, तीन वर्षं घे. यात धमकी किती चालते याचं उत्तर १९७८ च्या केंटकीतल्या हेजच्या केसमध्ये आहे. त्याच्यावर ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक वटवल्याचा आरोप होता, शिक्षा २ ते १० वर्षं. प्रॉसिक्युटर म्हणाला कबूल कर, मी ५ वर्षं मागतो, नाही केलंस तर जुने गुन्हे पुढे काढून सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेज नाही म्हणाला, ज्युरीकडे गेला, हरला, आणि त्याला जन्मठेप झाली. ८८ डॉलरच्या चेकपायी! सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं यात काही बेकायदा नाही. भाच्याने एकच केस वाचायची असेल तर ही वाच म्हणावं, मिरांडाच्या आधी.

कबुली द्यायच्या दिवशी जज प्रश्न विचारतो, तू आज कुठलं औषध किंवा नशा केलीयस का, कुणी धमकी दिली का, ज्युरी, साक्षीदारांची उलटतपासणी, गप्प राहणं हे हक्क तू सोडतोयस हे कळतंय का, आणि मग काय केलंस ते सांग. माणूस हो हो म्हणत जातो. पंधरा वीस मिनिटांत संपतं आणि केस बंद.

सगळं वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. गुन्हा केलेला असतो, पुरावा पक्का असतो, अशा माणसाला कमी शिक्षेत सुटका मिळते, आणि आपल्याकडे तुरुंगातल्या चारपैकी तीन जणांचा अजून निकालच लागलेला नसतो ते बघता इथे केस हलते तरी. भारतातही २००६ पासून प्ली बार्गेनिंग कायद्यात आहे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, पण फारसं कुणी वापरत नाही.

वकील परवडत नसेल तर सरकार देतं, ते १९६३ च्या गिडियनच्या निकालापासून. फ्लोरिडातला गरीब माणूस, पूल खेळायच्या हॉलमध्ये चोरी केल्याचा आरोप, वकील मागितला तर नाही म्हणाले, त्याने तुरुंगातून पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला आणि जिंकला, मग परत खटला झाला तेव्हा वकील होता आणि तो निर्दोष सुटला. आपल्या लोकांना सरकारने आरोपीला दिलेला वकील म्हटलं की कमी दर्जाचा वाटतो, पण अशा वकिलांपैकी (इथे त्यांना पब्लिक डिफेंडर म्हणतात) मी पाहिलेले काही जण फार हुशार आहेत, फक्त त्यांच्याकडे फायलींचा ढीग असतो आणि एका केसला द्यायला वेळ नसतो.

ज्युरीबद्दल तुम्ही खास विचारलंय म्हणून. गंभीर गुन्ह्यात साधारण १२ माणसं, काही राज्यांत काही गुन्ह्यांना ६ चालतात. सगळ्यांचं एकमत लागतं, २०२० पर्यंत लुईझियाना आणि ओरेगनमध्ये १० विरुद्ध २ वरही दोषी ठरवायचे, ते सुप्रीम कोर्टाने बंद केलं. एकमत झालंच नाही तर ज्युरी फुटली म्हणतात आणि सरकार परत खटला भरू शकतं. पण ज्युरीने एकदा निर्दोष म्हटलं की संपलं, सरकारला अपील नाही. नौदल अधिकारी नानावटीवरची खुनाची केस आठवा, १९५९ ला मुंबईत ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, सेशन्स जजला पटलं नाही, त्याने हायकोर्टाकडे पाठवलं आणि हायकोर्टाने जन्मठेप दिली. अमेरिकेत हे घडूच शकत नाही. ज्युरीने दोषी म्हटलेल्याला जज पुराव्याअभावी सोडू शकतो, पण निर्दोष म्हटलेल्याला अडकवू शकत नाही. इथला प्रसिद्ध फुटबॉलपटू ओ जे सिम्पसन १९९५ मध्ये खुनातून सुटला तो सुटलाच, नंतर त्याच्याविरुद्ध निकाल गेला तो पैशाच्या भरपाईच्या सिव्हिल दाव्यात.

जाता जाता व्हिसा आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, कारण भाचा बहुतेक स्टुडंट व्हिसावर असणार. ज्युरी ड्यूटीचं पत्र नागरिक नसलेल्यांनाही येतं कारण यादी लायसन्स वगैरेवरून बनते, ते फेकून देऊ नका, नागरिक नाही असं भरून परत पाठवा आणि चुकूनही नागरिक असल्याच्या चौकटीत टिक करू नका, ते पुढे इमिग्रेशनला फार महागात पडतं. दुसरं म्हणजे दुकानातून छोटी वस्तू उचलल्याची केस, दंड भरून कबूल केली की मिटली असं वाटतं, पण इमिग्रेशनच्या नजरेत ती कबुली वेगळीच मोजली जाते. २०१० च्या पॅडिलाच्या निकालाने डिफेन्स वकिलावर बंधन आहे की कबुलीमुळे देशाबाहेर काढतील का हे क्लायंटला सांगायचं, तो पॅडिला ४० वर्षं ग्रीन कार्डवर होता आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला होता. तेव्हा केस कितीही किरकोळ वाटली तरी सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करायचाच.

आणि भाच्याला हे सगळं पुस्तकात वाचण्यापेक्षा बघायचं असेल तर कोर्टं जनतेला उघडी असतात, ओळखपत्र असू दे जवळ, सकाळी जाऊन मागच्या बाकावर बसायचं, कुणी काही विचारत नाही. खटल्याच्या दिवशी नाही, कबुल्यांची लाइन लागते त्या दिवशी जा म्हणावं, क्लार्कला फोन केला की दिवस सांगतात. फोन मात्र बंद ठेव, वाजला की जज भयंकर चिडतात.