सीमेवर सगळीकडे स्फोटकं शोधणारी यंत्रं बसवली, तर एकही बॉम्ब आत येणार नाही ना?

येईल. अकरा वर्षं मी हीच यंत्रं दुरुस्त करत नवी मुंबईत फिरलोय, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

सीमेवर बसवलेली बरीचशी यंत्रणा बघणारी आहे, हुंगणारी नाही. आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेच्या पात्रात कुंपण टिकत नाही, म्हणून २०१९ मध्ये ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात कॅमेरे आणि सेन्सर लावले. त्यात माणूस दिसतो, त्याच्या पिशवीतलं दिसत नाही. आरडीएक्सची वाफ इतकी कमी की लांबून हवा हुंगून भागत नाही. हातावरून, कडीवरून स्वॅब, म्हणजे कण टिपणारी छोटी पट्टी, फिरवून यंत्रात घालायचा. तिथे तो तापतो, कणांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात, आणि कुठला आयन नळीतून किती वेळात पोचतो यावरून पदार्थ कळतो. हे एवढ्या लांब सीमेवर कोण कुणाला करणार?

आता माझी गोष्ट. उरणकडच्या एका गोदामाच्या गेटवर आमचं यंत्र होतं. जुलैतल्या एका सकाळी त्याने एका वयस्कर ट्रक ड्रायव्हरवर अलार्म दिला: नायट्रोग्लिसरीन, म्हणजे स्फोटक. पाठोपाठ आणखी चौघांवर तोच अलार्म. पोलीस आले, पाचही जण तीन तास उन्हापावसात उभे. मॅनेजरने मला फोनवर सुनावलं, "तुमचा डबा बिघडलाय, उचलून न्या."

यंत्र बिघडलेलं नव्हतं. काकांना हृदयविकार होता, गेटवर यायच्या आधी त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली होती. त्या गोळीत नायट्रोग्लिसरीनच असतं! यंत्राने बरोबर ओळखलं. मग पुढच्या चौघांचं काय? गार्डने पाचही जणांना एकच स्वॅब वापरला होता. का, तर 'एक स्वॅब दिवसभर पुरवा' असा वरून हुकूम. यंत्रातली हवा सुकवणारं काडतूसही मेपासून बदललेलं नव्हतं, आणि पावसाळ्यात तिथली हवा कशी असते ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको.

लाखो रुपयांचं यंत्र घ्यायचं आणि स्वॅबवर काटकसर करायची, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. मॅनेजरने त्या पाच जणांची माफी मागितली नाही, यंत्रावर मात्र कापड टाकून ठेवलं. तुम्ही कुठे खरेदीच्या कमिटीवर असाल, तर यंत्राच्या किमतीआधी तीन वर्षांच्या स्वॅबचा आणि गार्डच्या ट्रेनिंगचा खर्च लिहून घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उठून या.

हे सांगायला हवं की मी स्वतः सीमेवर काम केलेलं नाही. लांबून ओळखण्यावरही काम चालू आहे: डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेबरोबर केलेलं रेडर-एक्स हे यंत्र २०२० मध्ये दाखवलं गेलं. आणि कुत्र्यांना मी कमी लेखत नाही. मुंबई पोलिसांच्या जंजीरने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं.

पण १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स रायगडात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं, ते लाच घेऊन पुढे सोडलं गेलं. त्याबद्दल पोलीस आणि कस्टम्सच्या माणसांना शिक्षाही झाल्या. त्या रस्त्यावर कुठलं यंत्र लावणार होतात?